होम थिएटरचा प्रोसेसर कसा निवडायचा? आधी खोली मोजा, मग चॅनल

या आठवड्याच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे बघा' आणि 'तर काय' थोडे कमी केलेत, आकडे नीट लिहून काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांनी भाग लोकलच्या गर्दीत ऐकला आणि आकडे निसटले, त्यांच्यासाठी खास.

तर झालं असं. घरात एक पोरगा बीटेक झाला, की राउटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्याचा सल्ला त्यालाच विचारतात. तुमच्याकडेही हेच असणार. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, पण मामाच्या लेखी मी 'इलेक्ट्रॉनिकवाला'. मामा खारदांड्याला राहतो, कोळीवाड्यातल्या जुन्या घरात. यंदा निवृत्त झाला. घरावर वरची एक खोली काढलीय, आणि ती खोली सिनेमाची, हे त्यानं दहा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलंय. लहानपणी मिनर्व्हाला 'शोले' बघितला होता त्यानं. १९७५चा सिनेमा, ७० मिमी पडदा, स्टिरिओफोनिक आवाज. नाणं पडल्याचा आवाज आला तेव्हा आपण खुर्चीखाली वाकून बघितलं, ही गोष्ट तो प्रत्येक गणपतीत सांगतो.

एका शोरूमनं त्याला कोटेशन दिलं होतं. ते त्यानं मला व्हॉट्सॲपवर पाठवलं: १५ चॅनलचा सराउंड प्रोसेसर, वेगळे पॉवर ॲम्प्लिफायर, ११ स्पीकर, २ सबवूफर. खालची रक्कम वाचताना मी आधी शून्यं मोजली. निवृत्तीच्या पैशातला मोठा घास होता तो. त्याखाली मामाचा मेसेज:

"यातला प्रोसेसर बरोबर आहे ना रे? हल्ली सिनेमातलं बोलणं नीट कळत नाही. हा घेतला की कळेल म्हणतोय तो."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. आठवडाभर स्पेसिफिकेशन शीट वाचत बसलो. ती चूक कशी ते पुढे सांगतो. आधी जे शिकलो ते सांगतो.

प्रोसेसर नक्की करतो काय?

दुकानात दोन प्रकारचे डबे दिसतात. एक एव्ही रिसीव्हर: आत आवाज उलगडणारा मेंदूही असतो आणि स्पीकर हलवणारे ॲम्प्लिफायरही. दुसरा सराउंड प्रोसेसर: यात फक्त मेंदू. स्पीकरची वायर याला थेट जोडताच येत नाही, मधे वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर लागतो. महागड्या होम थिएटरमध्ये हा दुसरा प्रकार असतो.

हा मेंदू मुख्यतः तीन हिशोब करतो.

पहिला, उलगडणं. ओटीटीवरून किंवा ब्लू-रेवरून आलेला डॉल्बी किंवा डीटीएसचा प्रवाह उघडून कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ते ठरवणं.

दुसरा, वेळ आणि पातळी जुळवणं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. समोरचा स्पीकर तुमच्यापासून ३ मीटरवर आणि बाजूचा १ मीटरवर असेल, तर बाजूचा आवाज ६ मिलिसेकंद आधी पोचतो. आपला मेंदू आधी आलेल्या आवाजाकडे दिशा ओढतो. म्हणून प्रोसेसर जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावतो.

तिसरा हिशोब खोलीचा. मायक्रोफोन लावून खोली आवाजाचं काय करते ते मोजायचं आणि त्याच्या उलट फिल्टर लावायचा. याला रूम करेक्शन म्हणतात. महाग आणि स्वस्त डब्यांतला खरा फरक बहुतेक इथेच असतो.

पहिला हिशोब आज सगळ्यांना येतो. आठ-नऊ चॅनलचा साधा रिसीव्हरही डॉल्बी ॲटमॉस उघडतो. त्यामुळे डब्यावर ॲटमॉसचा लोगो आहे की नाही यावरून निवड होत नाही.

१५ चॅनल कुठून आले?

डॉल्बी ॲटमॉस थिएटरात आलं २०१२मध्ये, पिक्सारच्या 'ब्रेव्ह'सोबत. त्याआधी मिक्स करणारा ठरवायचा की हा आवाज डाव्या मागच्या स्पीकरमधून येईल. ॲटमॉसमध्ये तो म्हणतो, हेलिकॉप्टर खोलीत इथे आहे, आणि तिथले स्पीकर किती ते बघून प्रोसेसर वाटणी करतो. थिएटरात एका वेळी १२८पर्यंत ट्रॅक आणि ६४पर्यंत स्पीकर असू शकतात.

घरी येताना मात्र हे सगळं घडी घालून येतं. घरगुती ॲटमॉसमध्ये जवळजवळचे आवाज एकत्र बांधून साधारण १२ ते १६ गट करतात. ओटीटीवर ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बसवतात. नेटफ्लिक्सवर हा प्रवाह जास्तीत जास्त ७६८ केबीपीएस. ब्लू-रेवरचं ट्रूएचडी १८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतं आणि त्यात काहीच गाळलेलं नसतं. म्हणजे तुम्ही फक्त ओटीटी बघणार असाल, तर लाखो रुपयांच्या डब्यालाही शेवटी तोच ७६८ केबीपीएसचा प्रवाह मिळणार. मामाकडे ब्लू-रे प्लेअर नव्हता, आणि घ्यायचा विचारही नव्हता.

आता आकडे कसे वाचायचे. ५.१.४ म्हणजे कानाच्या पातळीवर ५ स्पीकर, १ सबवूफर, छतात ४. ७.१.४ म्हणजे मागे आणखी २. त्यापुढे ९.१.६ असतं. १५ चॅनलचा प्रोसेसर तेवढं सगळं चालवू शकतो. पण खोली चालवू शकते का?

मामाची खोली १६ फूट लांब, ११ फूट रुंद, ९ फूट उंच. खालून येणारा जिना खोलीच्या एका कोपऱ्यात उघडतो, त्यामुळे सोफा मागच्या भिंतीजवळच बसतो. आता मागचे दोन सराउंड लावणार कुठे? डोक्यामागे भिंत. बाजूचे स्पीकर ११ फुटांच्या रुंदीत मधल्या माणसापासून ५ फुटांवर येतात आणि कडेच्या माणसापासून २ फुटांवर. मोकळ्या जागेच्या हिशोबानं हा ८ डेसिबलचा फरक. बंद खोलीत तो थोडा कमी होतो, पण कडेला बसणाऱ्या मामीच्या कानात पाऊस एकाच बाजूनं कोसळणार हे नक्की. अशा खोलीत स्पीकर वाढवले की गोंधळ वाढतो.

या खोलीत ५.१.४ नीट बसतं. नऊ स्पीकर आणि सबवूफर. म्हणजे १५पैकी सहा वाटा बाजारातून आणल्या तशाच रिकाम्या राहणार.

वॅटचा हिशोब

वेगळा प्रोसेसर घेण्याचं मोठं कारण म्हणजे मोठे ॲम्प्लिफायर जोडता येतात. त्याची गरज किती ते कागदावर काढता येतं.

समजा स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल. सोफा ३ मीटरवर असेल तर साधारण ९.५ डेसिबल कमी होऊन ७८.५ उरतात. थिएटरच्या रेफरन्स पातळीवर एका चॅनलचा सर्वांत मोठा आवाज १०५ डेसिबलचा असतो. कोळीवाड्यात भिंतीला भिंत लागलेल्या घरात तुम्ही त्या पातळीवर बघणार नाही. १५ डेसिबल खाली बघणार, म्हणजे कमाल ९०. ७८.५वरून ९०वर जायला साडेअकरा डेसिबल लागतात, आणि त्याला लागतात साधारण १४ वॅट.

चौदा! कोटेशनमधला ॲम्प्लिफायर प्रत्येक चॅनलला २०० वॅटचा होता.

रिसीव्हरवर छापलेले वॅट बहुतेक वेळा दोनच चॅनल चालू असताना मोजलेले असतात. नऊ एकदम चालले की आकडा बराच खाली येतो. तरीही मामाच्या गरजेच्या वरच राहतो. आता २५ फुटांची स्वतंत्र खोली असेल, सोफ्याच्या दोन रांगा असतील, स्पीकर ८४ डेसिबलवाले असतील आणि शेजारी कुणी नसेल, तर हेच गणित वेगळं उत्तर देतं. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट, १० डेसिबलला दहापट. तिथे वेगळा प्रोसेसर आणि वेगळे ॲम्प्लिफायर खरंच लागतात.

खोलीचा घुमारा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ४० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेआठ मीटर लांब असते. मामाची खोली पाच मीटरही नाही. अशी लाट दोन भिंतींमध्ये अडकते, काही ठिकाणी जमते आणि काही ठिकाणी स्वतःलाच पुसून टाकते. कुठल्या हर्ट्झला हे होणार ते शाळेतल्या गणितानं निघतं: आवाजाचा वेग भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट. १६ फुटांना ३५ हर्ट्झ, ११ फुटांना ५१, ९ फुटांना ६३. तुमच्या खोलीचं आत्ताच फोनच्या कॅल्क्युलेटरवर काढून बघा.

म्हणून एका जागी ढोल छातीत वाजतो आणि दोन फूट सरकलात की गायब होतो. जिथे आवाज साचतो तिथे रूम करेक्शन तो कापू शकतं, आणि ते काम उत्तम करतं. जिथे आवाज पुसला जातो तिथे मात्र करेक्शन हरतं. तिथे १० डेसिबल भरायचे तर सबवूफरला दहापट ताकद द्यावी लागते, आणि तरी तो खड्डा भरत नाही, कारण जेवढं ओताल तेवढंच पुसलं जातं.

यावर उपाय आहे दुसरा सबवूफर. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये यावर शोधनिबंध मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले, की त्या दिशेची पहिली लाट दोघं मिळून बरीचशी शमवतात आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना जवळपास सारखा बास मिळतो. एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन लहान बरे, ते याचसाठी.

मग प्रोसेसरमध्ये बघायचं काय? सबवूफरच्या वाटा किती, आणि त्या स्वतंत्र आहेत का. काही डब्यांना मागे दोन भोकं असतात, पण आत सिग्नल एकच असतो. प्रत्येक सबवूफरला वेगळा उशीर आणि वेगळी पातळी लावता आली पाहिजे.

करेक्शनची नावं

दुकानात ही नावं कानावर पडतील, म्हणून थोडक्यात सांगतो.

ऑडिसी अमेरिकेतलं, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं. डेनॉन आणि मरँट्झच्या डब्यांत असतं. डिरॅक लाइव्ह स्वीडनच्या उप्साला शहरातलं. बऱ्याच कंपन्या ते वापरतात, काही डब्यांत वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. कॅनडाच्या अँथमचं स्वतःचं एआरसी. डेन्मार्कच्या लिंगडॉर्फचं रूमपरफेक्ट. आणि फ्रान्सच्या ट्रिनॉव्हचं तर मापनच वेगळं: चार कॅप्सूलचा मायक्रोफोन स्पीकर खोलीत नक्की कुठे आहे तेही शोधतो, आणि डब्याच्या आत चक्क इंटेलचा संगणक असतो. फ्रान्सचंच स्टॉर्मऑडिओ डिरॅक वापरतं.

उच्च श्रेणीत मरँट्झ एव्ही १० आणि अँथम एव्हीएम ९० हे दोन्ही १५ चॅनल आणि ४ स्वतंत्र सबवूफरवाले प्रोसेसर आहेत. मरँट्झचा अमेरिकेत ७,००० डॉलरच्या आसपास किमतीला आला. ट्रिनॉव्ह त्याच्याही कितीतरी वर. उलट डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एच हा रिसीव्हर बघा: ९ ॲम्प्लिफायर आत, ११ चॅनलची प्रक्रिया, ४ स्वतंत्र सबवूफर, डिरॅक हवं तर पैसे भरून. शिवाय प्रत्येक चॅनलला प्री-आउट, म्हणजे उद्या मोठा ॲम्प्लिफायर आणला तर हाच डबा प्रोसेसर म्हणून वापरता येतो. मधला रस्ता हवा असेल तर प्री-आउट हा शब्द पाठ करा.

आणखी एक गोष्ट. करेक्शन ३००-४०० हर्ट्झच्या खाली सर्वांत कामाचं. त्याच्या वर स्पीकरचा मूळ स्वभाव राज्य करतो. वाईट स्पीकरला कुठलाही फिल्टर चांगलं करत नाही. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसरमधून कापा, समोरच्या तीन स्पीकरमधून कापू नका. त्यातही मधला सेंटर स्पीकर, कारण संवाद बहुतेक तिथूनच येतात.

शेजारी आणि रात्र

'आलम आरा' १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकला लागला. त्याचं चित्रण रात्री करावं लागायचं, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची आणि दिवसा तिचा आवाज माइकमध्ये यायचा. भारतातल्या पहिल्या बोलपटाची पहिली अडचण ही, आणि खारदांड्यातल्या वरच्या खोलीचीही हीच.

मी रात्री नऊ वाजता मामाच्या खोलीत फोनवरचं डेसिबल ॲप लावलं. फोनचा माइक प्रमाणित नसतो, पण फरक कळायला पुरतो. खिडकी उघडी, पंखा चालू: ५२. खिडकी बंद: ४६. पंखाही बंद: ३८. सिनेमातली कुजबुज ४० ते ४५ डेसिबलवर येते. ५२च्या खोलीत ती पंख्याखाली गाडली जाते, मग प्रोसेसर कुठल्याही देशाचा असो. एक स्विच दाबून ८ डेसिबल मिळाले, फुकट. म्हणून यादीत पहिली खरेदी ठरली खिडकीची: जाड काच, चारी बाजूंनी रबराची पट्टी, आणि कमी आवाजाचा एसी.

उलट्या दिशेचा विचारही करायचा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण नियमाच्या आधी माणसं येतात. मामाच्या भिंतीपलीकडचं घर समुद्रावर जाणाऱ्यांचं आहे. ते भरती-ओहोटीच्या वेळेवर झोपतात, आपल्या शनिवार-रविवारवर नाही. पडदे आणि गालिचा खोलीतला खणखणाट कमी करतात, पण बास थोपवत नाहीत. बास अडवायला भिंतीचं वजन लागतं. मामाला मी सरळ सांगितलं, "मामा, तू रात्री सबवूफर जोरात लावलास तर पहिली तक्रार मामीकडे येईल, पाण्याच्या नळावर."

म्हणून हळू आवाजात डबा कसा वागतो ते दुकानात ऐकाच. आवाज कमी केला की आपल्या कानाला बास आणि बारीक आवाज जास्तच कमी वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच हे मोजून दाखवलं. चांगला प्रोसेसर पातळीनुसार हे भरून काढतो. शिवाय स्फोट दाबून कुजबुज उचलणारा नाइट मोड असतो. शोरूमवाले नेहमी जोरात वाजवून दाखवतात. त्यांना सांगा, "रात्री अकराला वाजवाल तेवढ्यावर लावा."

वायरी आणि वीज

टीव्हीवरचे ॲप वापरणार असाल तर टीव्ही आणि डबा दोघांनाही ईएआरसी हवं. जुनं एआरसी ओटीटीचं ॲटमॉस नेऊ शकतं, पण ट्रूएचडीसारखा न गाळलेला आवाज त्यातून जात नाही. ईएआरसीची वाहतूक ३७ एमबीपीएसपर्यंत, आणि ओठ-आवाज जुळवणीही त्यातच.

वेगळा प्रोसेसर घेतलात आणि ॲम्प्लिफायर लांब असेल, तर एक्सएलआर वायरी वापरा. त्यांत बाहेरून शिरलेली घरघर दोन तारांत सारखीच येते आणि शेवटी वजा होते. केबल टीव्हीची वायर आणि खराब अर्थिंग मिळून जी ५० हर्ट्झची घूं घूं करतात, ती अनेकांनी ऐकली असेल. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. समुद्राकाठच्या घरात खारी हवा कनेक्टर खाते, त्यामुळे वर्षातून एकदा वायरी काढून पुसायच्या, आणि डबा बंद कपाटात कोंडायचा नाही.

आणि अमेरिकेतला चुलतभाऊ 'येताना घेऊन येतो' म्हणाला तर थांबा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मागच्या पट्टीवर २३० लिहिलेलं नसेल तर प्लग लावू नका. वॉरंटीही बहुधा त्या देशापुरतीच असते, आणि २० किलोचा डबा दुरुस्तीला परत पाठवणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

आता ते राहिलेलं वाक्य

हे सगळं कोष्टकात मांडून मी मामाकडे गेलो. टीव्हीवर एक मराठी सिनेमा चालू होता. मामा म्हणाला, "बघ, आवाज येतोय की नाही? येतोय. पण काय बोलतोय ते कळत नाही." मी आवाज वाढवला. तो म्हणाला, "आता कानठळ्या बसतात, तरी कळत नाही." मामीला आणि मला सगळं कळत होतं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आठवडाभर मी प्रोसेसरचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स बघत होतो, मामाचा नाही.

वयाबरोबर कान आधी वरच्या फ्रीक्वेन्सी गमावतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, ट, क या व्यंजनांची ओळख २,००० हर्ट्झच्या वरच्या भागात असते, ती हरवते. म्हणून 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' ही तक्रार. दुकानदाराला ती सेंटर स्पीकरची वाटली, मला प्रोसेसरची.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओमेट्री म्हणजे २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर वाजवून किती हळू ऐकू येतो ते मोजणं, अगदी रूम करेक्शनसारखंच, फक्त खोलीऐवजी माणूस. आलेख १,०००पर्यंत ठीक, ४,०००ला दोन्ही कानांत ४५ डेसिबल खाली. खारदांड्यावरून ही सोय लांब नाही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण संस्था १९८३पासून आहे. मामाला मान्य करायला दोन आठवडे लागले. "म्हातारा झालो काय मी," म्हणत होता. मी काही बोललो नाही. मामीनं बोलून घेतलं.

प्रोसेसरनं हे भरून निघालं नसतं का? थोडं. सेंटर २-३ डेसिबल वाढवता येतो. पण ४,००० हर्ट्झ प्रत्येकासाठी उचललं तर बाकीच्यांच्या कानात किरकिर होते, आणि फोनवर, बाजारात, नातवाशी बोलताना मामाला काहीच फायदा नाही. श्रवणयंत्र त्याच्या आलेखाप्रमाणे लावता येतं आणि ते दिवसभर सोबत असतं.

शेवटी काय ठरलं

आधी श्रवणयंत्रं. मग खिडकी. मग समोरचे तीन चांगले स्पीकर, बाजूचे दोन, छतात चार, दोन लहान सबवूफर, आणि नऊ ॲम्प्लिफायरचा, प्री-आउट असलेला रिसीव्हर. १५ चॅनलचा प्रोसेसर यादीतून गेला. कोटेशनच्या निम्म्याहून बरेच पैसे बँकेत राहिले. सोफा मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे घेतला, जिन्यापाशी जेमतेम वाट राहिली, पण बासची गुरगुर तेवढ्यानंच कमी झाली.

दुकानात जाताना फोनमध्ये हे प्रश्न ठेवा:

१. माझ्या खोलीत किती स्पीकर नीट अंतरावर बसतात? तेवढेच चॅनल मोजा.
२. सबवूफरच्या वाटा किती, आणि स्वतंत्र आहेत का?
३. करेक्शन कुठलं, त्याचे पैसे वेगळे का, आणि मापन करून कोण देणार?
४. हळू आवाजात कसं वाजतं?
५. ईएआरसी आहे का? प्रत्येक चॅनलला प्री-आउट आहे का?
६. २३० व्होल्टचं मॉडेल आणि भारतातली वॉरंटी आहे का? सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं?
७. आणि घरी विचारायचा प्रश्न: बघणाऱ्यांनी कान शेवटचे कधी तपासले?

हे इअरफोनवर ऐकणाऱ्या आपल्या मंडळींसाठीही एक आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास सुरक्षित; पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. लोकलचा खडखडाट झाकायला आवाज वाढवता ना, तेव्हा हे आठवा.

मामाच्या खोलीचं उद्घाटन झालं. श्रवणयंत्रं लावून पहिल्यांदाच वर आला, सोफ्यावर बसला, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वर बघून म्हणाला, "हा पंखा एवढा आवाज करतो?"

मी उठून पंखा बंद केला. मग 'शोले' लावला.

तुमच्या खोलीची लांबी-रुंदी-उंची आणि सोफा कुठे आहे ते लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही खोल्यांचं गणित एकत्र करू. तोवर भेटू, ऐकत राहा, जरा हळू आवाजात!